गेलेल्या माणसाचा पत्ता

आजी गेली त्या संध्याकाळी तिची खाट होती ती जागा सारवून आत्याने तिथे ताटात गव्हाचं पीठ पसरलं, हात फिरवून सपाट केलं, शेजारी दिवा लावला आणि पिठावर दुरडी पालथी घातली. सकाळी दुरडी उचलायची ती पावलं बघायला. जीव कोणत्या जन्माला गेला त्याची खूण पिठावर उमटते म्हणतात. आम्ही पोरं आत्याच्या खांद्यावरून वाकून बघत होतो. पिठात बारीक तीन रेघा होत्या. आत्या म्हणाली, "पाखरू." धाकटे काका म्हणाले, "झुरळ असेल." त्यावर आत्या जे बोलली ते इथे लिहिण्याजोगं नाही.

म्हणजे पिठाच्या हिशेबाने आजी पहिल्याच रात्री नव्या जन्माला लागली होती. पण त्याच वेळी ती परसदारच्या कोनाड्यातही होती. स्मशानात खांद्यावरच्या मडक्याला ज्या दगडाने भोकं पाडली तो दगड, म्हणजे अश्मा, आमच्याकडचा शब्द जीवखडा, तिथे फडक्यात बांधून ठेवला होता. जीव त्यात असतो म्हणून त्याच्यावर तिळाचं पाणी सोडायचं. रात्री गरुडपुराण वाचायला येणारे गुरुजी सांगायचे, की तिचं प्रवासाचं शरीर अजून तयार होतंय, निघायला वेळ आहे. दहाव्या दिवशी घाटावर तीच कावळा होऊन यायची होती. पेपरातल्या निधनवार्तेत तिच्या नावाआधी 'कै.' लागलं होतं, म्हणजे ती कैलासावर पोचलेली. (आजोबा माळकरी, त्यांच्या नावाला 'वै.', ते वैकुंठात. नवराबायकोची अशी ताटातूट कोणाच्या लक्षातही आली नाही.) आणि शेजारच्या काकूंनी आम्हाला गच्चीवर नेऊन एक चांदणी दाखवली होती.

एका बाईचे दहा दिवसांत सहा पत्ते. घरात कोणालाच त्यात काही विचित्र वाटलं नाही, मलाही नाही. वाटलं ते पुढे, वाचायला लागल्यावर. मग हळूहळू लक्षात आलं, की मेल्यानंतरच्या वाटेचा एक नकाशा आपल्याकडे कधी नव्हताच. वेगवेगळ्या काळी काढलेले नकाशे आहेत, आणि नवा काढताना जुना कोणी फाडला नाही. तो खाली तसाच राहू दिला.

सगळ्यात तळाचा नकाशा ऋग्वेदाचा. दहाव्या मंडलातली १४ ते १८ ही सूक्तं मृत्यूभोवतीची आहेत. तिथला यम रेड्यावर बसून फास टाकणारा नाही, की चोपडी उघडून शिक्षा सुनावणाराही नाही. ती वाट सर्वांत आधी शोधून काढणारा तो. तो पुढे गेला, मागून पूर्वज गेले, आता मेलेल्यानेही त्याच वाटेने जाऊन त्यांना मिळायचं. वाटेवर सरमेची दोन चार डोळ्यांची कुत्री आहेत, त्यांना चुकवून जायचं. तिकडे उजेड आहे, आपली माणसं आहेत. पुन्हा जन्माला येण्याची गोष्ट तिथे ठळकपणे नाहीच. सोळाव्या सूक्तात एक निराळाच विचार डोकावतो: डोळा सूर्याकडे, श्वास वाऱ्याकडे, अवयव वनस्पतींकडे. ज्याचं होतं त्याला परत.

पुढे ब्राह्मणग्रंथांत एक नवी भीती शिरते. तिचं नाव पुनर्मृत्यू. भीती पुनर्जन्माची नव्हे, पुन्हा मरण्याची. तिकडे पोचलेला माणूस तिकडेही संपला तर? यज्ञाने मिळवलेलं पुण्य वापरून संपलं तर? पुनर्जन्माची कल्पना नेमकी कुठून आली यावर अभ्यासकांचा वाद आहे, पण या भीतीतून पुढच्या विचाराला वाट मिळाली हे बरंचसं पटतं.

तो पुढचा विचार छांदोग्य उपनिषदात येतो आणि फार नाट्यमय येतो. श्वेतकेतू बापाकडे शिकून तयार झालाय, त्याचा थोडा तोराही आहे. तो पांचालांच्या सभेत जातो. तिथला राजा प्रवाहण जैवली त्याला पाच प्रश्न विचारतो. लोक इथून कुठे जातात, माहीत आहे? परत कसे येतात? देवांची वाट आणि पितरांची वाट कुठे फुटते? तो लोक भरून का जात नाही? पाचवा प्रश्न, पाचव्या आहुतीला पाणी माणसाचा आवाज कसं घेतं? पोराला एकाचंही उत्तर येत नाही. तो चिडून घरी येतो आणि बापाला विचारतो, मला सगळं शिकवलं असं तुम्ही कसं म्हणालात? बाप म्हणतो, मलाच माहीत असतं तर शिकवलं नसतं का? आणि तो म्हातारा शिष्य होऊन राजाकडे जातो. राजा आढेवेढे घेत सांगतो, की ही विद्या याआधी कधी ब्राह्मणांकडे गेलेली नाही. मेल्यानंतरचं ज्ञान भटजींच्या पोथीतून येतं असं धरून चालणाऱ्यांनी हे एकदा वाचावं.

राजाच्या उत्तरातली पितरांची वाट अशी. चितेच्या धुरातून रात्रीत, रात्रीतून कृष्णपक्षात, तिथून सूर्य दक्षिणेकडे जातो त्या सहा महिन्यांत, मग पितृलोक, आकाश, चंद्र. केलेल्या कर्माची शिल्लक असेल तोवर चंद्रावर मुक्काम. मग उलटा प्रवास: आकाश, वारा, धूर, धुकं, ढग आणि पाऊस. पावसाबरोबर जीव शेतात उतरतो आणि भात, जव, तीळ, उडीद यांत शिरतो. इथून सुटणं सगळ्यात कठीण, असं उपनिषद म्हणतं, कारण तो दाणा कोणी खायला हवा, आणि खाणाऱ्याला मूल व्हायला हवं. मला या वर्णनातलं पावसाचं गणित फार आवडतं. मृगाची वाट बघणाऱ्या शेतकऱ्यांच्या देशातच ते सुचू शकतं.

दुसरी वाट देवयान. ज्वाळा, दिवस, शुक्लपक्ष, उत्तरायण, सूर्य, वीज, आणि पुढे ब्रह्मलोक, जिथून परतणं नाही. शरपंजरी भीष्म उत्तरायणासाठी थांबले ते यासाठीच. उरले ते बारीकसारीक किडे, सारखे जन्मणारे आणि मरणारे. त्यांना दोन्ही वाटा नाहीत. म्हणूनच तो लोक भरत नाही, हे राजाच्या चौथ्या प्रश्नाचं उत्तर.

बृहदारण्यक उपनिषदात हाच प्रवास आहे, पण तिथे याज्ञवल्क्याच्या तोंडी एक अगदी वेगळी उपमाही आहे. गवतावरची अळी पात्याच्या टोकाला पोचली, की आधी पुढचं पातं पकडते आणि मग मागचं अंग ओढून घेते. जीवही तसाच, पुढचा देह धरतो आणि हा सोडतो. म्हणजे ना चंद्र, ना पाऊस, मधे थांबाच नाही. आमच्या आत्याचं पीठ या अळीच्या बाजूचं. याच ग्रंथात आर्तभाग याज्ञवल्क्याला विचारतो, की माणूस मेला, वाणी अग्नीत गेली, श्वास वाऱ्यात गेला, मग तो स्वतः कुठे असतो? याज्ञवल्क्य त्याचा हात धरून म्हणतो, हे चारचौघांत बोलायचं नाही. दोघं बाजूला जातात. ते काय बोलले तर कर्माबद्दल बोलले, एवढंच आपल्याला कळतं.

आता गरुडपुराणाकडे वळू. तेरा दिवसांत घरोघर वाचलं जातं ते बहुतेक वेळा मूळ मोठं पुराण नसतं, तर त्याच्या प्रेतखंडाच्या आधाराने नवनिधिरामाने रचलेला सोळा अध्यायांचा 'सारोद्धार' असतो. त्यातल्या नरकाच्या वर्णनांनी लहानपणी झोप उडते हे खरं, पण तो भाग मला वाङ्मय म्हणून फारसा बरा वाटत नाही. उकळत्या कढया एकदा वाचल्या की पुरे. खरा जीव आहे तो प्रवासवर्णनात.

त्याआधी 'प्रेत' हा शब्द. मराठीत तो मढ्यासाठी उरलाय. मूळचा अर्थ प्र-इत, पुढे गेलेला. शास्त्रात प्रेत म्हणजे देह नव्हेच. देह सोडलेला पण अजून पितर न झालेला, मधल्या अवस्थेतला जीव म्हणजे प्रेत. त्याला जागा नाही, शरीर नाही, भूक आहे. दहा दिवसांचे दहा पिंड हे त्याचं शरीर घडवणं. पहिल्या दिवशी डोकं, दुसऱ्या दिवशी मान आणि खांदे, तिसऱ्या दिवशी हृदय, मग पाठ, बेंबी, कंबर, मांड्या, गुडघे, नवव्या दिवशी पावलं. दहाव्या दिवशी तहान आणि भूक. हे शरीर हातभर लांबीचं असतं. मूल आईच्या पोटात जसं अवयवाअवयवाने घडतं तसंच हे, फक्त इथे आईच्या जागी मुलगा भाताचे गोळे घेऊन बसलेला. आणि क्रम बघा, भूक शेवटी. म्हणून दहाव्याला कावळा.

तेराव्या दिवशी यमदूत त्याला घेऊन निघतात. यमपुरीपर्यंतचं अंतर ८६,००० योजनं. वेग, दिवसरात्र मिळून २४७ योजनं. भागाकार केला तर ३४८ दिवस येतात आणि ग्रंथही तोच आकडा देतो. आधीचे बारा दिवस मिळवले की बरोबर ३६०, म्हणजे जुन्या सावन मापाचं एक वर्ष. पोथी रचणाऱ्याने हिशेब चोख ठेवलाय. योजनाचं माप ग्रंथागणिक बदलतं, पण साधारण १३ किलोमीटर धरलं तर हे अंतर अकरा लाख किलोमीटरच्या वर जातं, चंद्राच्या जवळपास तिप्पट दूर, आणि वेग पडतो ताशी १३४. एक्स्प्रेसवेवर एवढ्याला दंड होतो.

वाटेत सोळा गावं आहेत. पहिलं सौम्य. तिथे पुष्पभद्रा नदी आणि एक सुंदर वड. त्या वडाखाली दूत जरा टेकतात आणि जीवाला बायकापोरं आठवतात. तो रडतो. दूत म्हणतात, कुठली बायको, कुठली पोरं, चल. मग सौरिपूर, नगेंद्रभवन, गंधर्वनगर, क्रौंच, क्रूरपूर अशी एकेक गावं. शेवटाकडे शीताढ्य, तिथली थंडी हिमालयाच्या शंभरपट. तिथे तो दाही दिशांना बघतो, मला थोडी ऊब देणारं आपलं कोणी आहे का? मधे वैतरणी. तिच्या काठी नावाडी असतात आणि ते एकच विचारतात: गाय दिली होतीस? म्हणून मरताना गोप्रदान.

आता खरी गंमत. प्रत्येक मुक्कामावर जीवाला जे मिळतं ते घरच्यांनी त्या त्या महिन्याला दिलेलं असतं. दीड महिन्याला त्रैपाक्षिक, मग दुसऱ्या महिन्याचं, तिसऱ्याचं, सहामाहीच्या आधी ऊनषाण्मासिक, वर्ष भरायच्या आत ऊनाब्दिक, अशी षोडश मासिकं. श्राद्धाचं कॅलेंडर आणि यममार्गाचा नकाशा ही एकाच कागदाची दोन अंगं आहेत. इकडे वर्षश्राद्ध होतं, तिकडे तो पोचतो. आज कोणाला वर्षभर सवड नसते, म्हणून बहुतेक घरांत सगळी मासिकं अकराव्या-बाराव्यालाच उरकतात. शिदोरी अगाऊ बांधून देतात म्हणायचं.

बाराव्याला सपिंडीकरण. गेलेल्याच्या नावाचा लांबट पिंड घेतात, त्याचे तीन भाग करतात आणि ते बाप, आजा, पणजा यांच्या तीन पिंडांत मिसळून टाकतात. त्या क्षणी तो प्रेत राहत नाही, पितर होतो. मूळ नियम हा विधी वर्षाअखेर करायचा. आयुष्याचा भरवसा नाही, कर्ताच मधे गेला तर काय, म्हणून बाराव्या दिवसाची सवलत आली आणि सवलतच नियम झाली. पण मग पंचाईत अशी, की जो बाराव्याला पितर झाला तोच तेराव्याला प्रेत म्हणून यमदूतांबरोबर कसा निघतो? धर्मशास्त्रकारांना हा पेच दिसत होता. त्यांनी त्यावर पानंच्या पानं लिहिली, आणि प्रथा दोन्ही ठेवल्या.

याहून मोठा प्रश्न वेगळा. कर्माप्रमाणे माणूस पुन्हा जन्मलाच असेल, तर पितृपक्षात जेवायला येतं कोण? हा प्रश्न आजच्या बुद्धिवाद्यांचा नाही. चार्वाकांनी तो केव्हाच विचारला होता: इथे वाढलेलं ताट मेलेल्याला पोचत असेल, तर प्रवासाला जाणाऱ्याला डबा कशाला द्यायचा? घरी कोणीतरी त्याच्या नावाने जेवावं. आस्तिकांच्या बाजूने मत्स्यपुराणात उत्तर आहे: दिलेलं अन्न, तो जिथे असेल तिथल्या रूपात पोचतं. देव झाला असेल तर अमृत, पशू झाला असेल तर गवत. एका अर्थी पोस्टाने पाठवलेले पैसे, तिकडच्या चलनात मिळणारे. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात (१९५३) श्राद्धाचा सगळा पसारा मांडला, आणि पितर पिंडांनी तृप्त होतात ही समजूत कर्म-पुनर्जन्माच्या सिद्धांताशी सहज जुळत नाही हेही स्पष्ट लिहिलं. त्यांच्याइतकं वाचलेला माणूस ती विसंगती लपवत नाही, तर आपण कशाला लपवायची?

पूर्वजांची पूजा आधीची, पुनर्जन्म नंतरचा. दोघं एकाच घरात राहायला आले, इतकंच.

या घराबाहेरही माणसं होती. संन्याशाने दीक्षा घेतानाच स्वतःचं श्राद्ध केलेलं असतं, त्याला दहन नाही, पिंड नाही. लिंगायत परंपरेत गेलेला लिंगैक्य होतो, देह पुरतात. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज काढला, तेव्हा मध्यस्थ भटाशिवाय संस्कार हा त्यातला मुद्दा होता. वारकऱ्यांनी तर नकाशाच उलटा धरला. पुनर्जन्म टाळायचा असतो हे सगळे सांगत असताना तुकोबा देवाकडे मोक्ष नको म्हणतात, भक्ती करायला मिळणार असेल तर खुशाल पुन्हा गर्भात घाल म्हणतात. आणि पैठणची एकनाथांची कथा तर घरोघर ठाऊक आहे. श्राद्धाचा स्वयंपाक त्यांनी दारातल्या भुकेल्या अस्पृश्यांना वाढला, निमंत्रित ब्राह्मण रागावून आले नाहीत, तेव्हा पितरच प्रत्यक्ष येऊन पानांवर बसले.

मोक्षाच्या बाबतीत मात्र याज्ञवल्क्याने सगळ्या नकाशांची गुंडाळी केलीय. ज्याला काही हवंसं उरलं नाही, त्याचे प्राण निघून कुठे जातच नाहीत. प्रवासच नाही. आपण हल्ली सर्रास लिहितो, 'आत्म्यास शांती लाभो'. जुना शब्द 'सद्गती' होता. गती म्हणजे जाणं. आपल्या बहुतेक नकाशांत मेलेला माणूस निवांत पडून नसतो, चालत असतो.

आजीचा दहावा नदीच्या घाटावर होता. आमच्याबरोबर आणखी तीन कुटुंबं होती. पिंड मांडून सगळे मागे सरकले आणि वर पिंपळाकडे बघत उभे राहिले. शेजारच्यांच्या पिंडाला कावळा शिवला, त्यांच्या पलीकडच्यांच्याही. आमच्याकडे एक आला, मान वाकडी करून बघून उडून गेला. गुरुजी म्हणाले, "काही इच्छा राहिली असेल तर बोला." बाबा पुढे होऊन म्हणाले, "आई, आत्याचं आम्ही बघू." काका म्हणाले, "वाडी विकणार नाही." काही नाही. आत्या म्हणाली, "तुझ्या तांदळाच्या डब्यातले पैसे सापडले गं, ते भांडीवाल्या बाईला दिले." तरी नाही. ऊन चढलं. साडेअकराला गुरुजींना दुसरीकडे जायचं होतं. त्यांनी चार काड्यांचा दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला टेकवला. आम्ही भांडी गोळा करून पायऱ्या चढत होतो, तेवढ्यात मागे फडफड झाली. एका कावळ्याने अख्खा पिंड उचलला होता.

"उशीर केलास," काका म्हणाले.

"तिचं असंच," आत्या म्हणाली. "सगळ्यांची पानं उठल्याशिवाय कधी बसली का?"

बाराव्याला बाबांच्या मांडीवर एक जुनी वही होती. त्यात घरातल्या गेलेल्यांची नावं. बायकांच्या बाजूला आजीची सासू, आजेसासू आणि तिची सासू. आजीचा पिंड त्या तिघींच्या पिंडांत कालवून झाल्यावर गुरुजींनी पुढच्या संकल्पासाठी नावं सांगायला लावली. आता माता म्हणून आजीचं, मग तिच्या सासूचं, मग आजेसासूचं. तिथे ते थांबले. बाबांचं बोट वहीतल्या चौथ्या नावावर होतं.

"आणि ह्या?"

"त्या वर सरकल्या. तीनच पिढ्यांना पिंड. त्यांचं नाव आता घ्यायचं नाही."

"मग त्यांना काहीच नाही?"

"आहे ना. त्या लेपभागी झाल्या." गुरुजींनी बाबांचा उजवा हात धरला. पिंड वळताना तळव्याला भाताची शितं आणि तीळ चिकटून राहिले होते. "हे पुसा तिथे, दर्भाच्या मुळाशी. हे त्यांचं."

बाबांनी हात पुसला. मग पेन मागून घेतलं आणि वहीत आजीचं नाव लिहिलं.